आयाराम-गयाराम आणि यशवंतराव

पक्षांतर कशाला म्हणायचं, हे देशाला सांगणाऱ्या समितीचे अध्यक्ष यशवंतराव चव्हाण होते. पुढे बारा वर्षांनी त्यांनी स्वतःच पक्ष बदलला. महाराष्ट्राच्या पहिल्या मुख्यमंत्र्यांच्या आयुष्यातलं हे पान आपण सहसा उलटून पुढे जातो. आज जरा थांबून वाचूया.

मुंबई-पुणे एक्स्प्रेस-वेनं तुम्ही कितीदा तरी गेला असाल. त्या रस्त्याचं अधिकृत नाव मात्र फूडमॉलवर वडापाव खाताना कुणाच्या लक्षात येत नाही. ते नाव आहे यशवंतराव चव्हाण. नोकरी करता करता पदवी घेणाऱ्या मित्राचं नाशिकचं मुक्त विद्यापीठ त्यांच्या नावाचं, कोथरूडचं नाट्यगृह त्यांच्या नावाचं, मुंबईतलं प्रतिष्ठान त्यांच्या नावाचं. एमपीएससीची तयारी करणाऱ्यांना तर त्यांची सगळी पदं तोंडपाठ असतात. महाराष्ट्राचे पहिले मुख्यमंत्री, मग केंद्रात संरक्षण, गृह, अर्थ, परराष्ट्र आणि शेवटी उपपंतप्रधान.

पण पदांची यादी पाठ केली की माणूस कळतो असं नाही. आज रोज कुणी ना कुणी या पक्षातून त्या पक्षात जातं, गळ्यातली उपरणी बदलतात आणि संध्याकाळपर्यंत त्यावर मीम येतात. अशा वेळी यशवंतरावांची गोष्ट वेगळ्या अंगानं वाचण्यासारखी आहे. कारण ती सरळ नाही. ती वाचताना कधी त्यांचं पटतं, कधी राग येतो, तर कधी वाईट वाटतं.

देवराष्ट्रे ते कराड

12 मार्च 1913. तेव्हाच्या सातारा जिल्ह्यातलं (आता सांगली) देवराष्ट्रे हे आजोळचं गाव. वडील बळवंतराव कोर्टात बेलीफ होते. यशवंत लहान असतानाच ते प्लेगमध्ये गेले. आई विठाबाईंनी मुलांना वाढवलं. शेती जेमतेम, घरात पैसा नाही, पण मुलांनी शिकायचं हे पक्कं. ज्ञानोबा आणि गणपतराव हे थोरले भाऊ पाठीशी उभे राहिले आणि यशवंत कराडच्या टिळक हायस्कुलात शिकला.

शाळेतली एक गोष्ट त्यांच्याबद्दल नेहमी सांगतात. गुरुजींनी वर्गात विचारलं, मोठेपणी कोण होणार? कुणी टिळक म्हणालं, कुणी आणखी कुणी. या मुलानं सांगितलं की मी यशवंतराव चव्हाणच होणार. गुरुजींना तो आगाऊपणा वाटला. पण पुढचं आयुष्य पाहिलं तर कुणाच्या तरी सावलीत राहायचं की आपल्या पायावर उभं राहायचं, हा प्रश्न या माणसाला शेवटपर्यंत सुटला नाही.

1932 साली शाळकरी वयात झेंडा फडकवला म्हणून त्यांना 18 महिन्यांची शिक्षा झाली. तुरुंगात मोठ्या माणसांची संगत मिळाली, पुस्तकं मिळाली. बाहेर आल्यावर कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजातून 1938 मध्ये बी.ए. आणि पुण्याच्या लॉ कॉलेजातून 1941 मध्ये एलएल.बी. घरची परिस्थिती पाहता हे शिक्षण म्हणजे चैन नव्हती, कुटुंबानं पोटाला चिमटा घेऊन केलेली गुंतवणूक होती.

जून 1942 मध्ये फलटणच्या वेणूताईंशी लग्न झालं आणि दोनच महिन्यांत चले जाव आंदोलन पेटलं. यशवंतराव भूमिगत झाले. कराड, तासगाव, वडूज, इस्लामपूर इथल्या कचेऱ्यांवर लोकांचे मोर्चे निघाले. पोलिसांना ते सापडेनात, तेव्हा नव्या नवरीला, वेणूताईंना अटक झाली. त्याच काळात थोरले भाऊ ज्ञानोबा गेले. राजकारण म्हणजे घरानं मोजलेली किंमत, हे त्यांना तिशीतच कळलं होतं.

पहिली परीक्षा

तरुणपणी त्यांच्यावर मानवेंद्रनाथ रॉय यांच्या विचारांचा मोठा प्रभाव होता. विचार बदलणं हा गुन्हा नसतो. विशीत तर नाहीच नाही. दुसरं महायुद्ध सुरू झालं तेव्हा रॉय यांनी ब्रिटिशांना मदत करण्याची भूमिका घेतली. यशवंतरावांना ती पटली नाही. ते रॉयवाद्यांपासून दूर झाले आणि काँग्रेसमध्येच राहिले. ही त्यांची पहिली ताटातूट म्हणता येईल. यात ना पद मिळालं ना पैसा. मिळाली ती फक्त फरारी.

1946 मध्ये ते मुंबई विधिमंडळावर निवडून आले आणि गृहमंत्री मोरारजी देसाई यांचे संसदीय सचिव झाले. मोरारजींचं नाव लक्षात ठेवा, ते पुन्हा येणार आहे.

लगेच 1948 मध्ये दुसरी परीक्षा आली. काँग्रेस शेतकऱ्यांची राहिली नाही असं म्हणत केशवराव जेधे, शंकरराव मोरे आणि बरीच मंडळी बाहेर पडली. शेतकरी कामगार पक्ष उभा राहिला. यशवंतरावांच्या पिढीतले, त्यांच्याच भागातले, त्यांच्याच सामाजिक थरातले कितीतरी कार्यकर्ते तिकडे गेले. तेही जातील असं अनेकांना वाटत होतं. ते गेले नाहीत. मोठ्या पक्षात राहूनच बदल घडवता येतो, असं त्यांचं गणित होतं. हे गणित त्यांनी आयुष्यभर सोडलं नाही आणि त्यांच्या यशाचं आणि अपयशाचं मूळही तिथेच आहे.

वजाबाकी नको, बेरीज

संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात या गणिताची मोठी कसोटी लागली. मुंबईसह मराठी राज्य व्हावं म्हणून लोक रस्त्यावर उतरले होते. 1955 च्या अखेरीस फलटणला यशवंतरावांनी जाहीर केलं की नेहरू आणि संयुक्त महाराष्ट्र यांत निवड करायची वेळ आली तर आपण नेहरूंच्या बाजूनं असू. महाराष्ट्र खवळला. सूर्याजी पिसाळ म्हणण्यापर्यंत टीका झाली. मराठी माणसानं त्यांना इतकं बोलून घेतलं तितकं क्वचितच कुणाला बोललं असेल.

1 नोव्हेंबर 1956 ला विशाल द्विभाषिक मुंबई राज्य आलं आणि ते त्याचे मुख्यमंत्री झाले. 1957 च्या निवडणुकीत पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसची धूळधाण उडाली. खुद्द मुख्यमंत्री कराडमध्ये कसेबसे निवडून आले. इथे त्यांचं वेगळेपण दिसतं. विरोधकांचा सूड घेण्याऐवजी लोकांचं म्हणणं दिल्लीला पटवून देण्याचं काम त्यांनी हाती घेतलं. त्याच वर्षी प्रतापगडावर शिवाजी महाराजांच्या पुतळ्याच्या अनावरणाला नेहरू आले, तेव्हा समितीनं मोठी निदर्शनं केली. मुख्यमंत्र्यांनी ती होऊ दिली आणि रक्तपात होऊ दिला नाही. मराठी जनतेचं मन काय आहे ते नेहरूंनी डोळ्यांनी पाहिलं. 1 मे 1960 ला महाराष्ट्र राज्य झालं. लोकांनी लढून मिळवलं आणि यशवंतरावांनी दिल्लीतून आणलं, अशी दोन्ही बाजूंची दावेदारी आजही चालू असते. खरं तर एकाशिवाय दुसरं झालं नसतं.

मुख्यमंत्री म्हणून त्यांनी उभं केलेलं काम आजही आपल्या आजूबाजूला आहे. वर्षाला 1200 रुपयांपेक्षा कमी उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलांना फीमाफी, म्हणजे ईबीसी सवलत. तुमच्यापैकी अनेकांचे आजोबा तिच्यामुळे कॉलेजची पायरी चढले असतील. जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्यांचा 1961 चा कायदा, सहकारी साखर कारखान्यांना बळ, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या अध्यक्षतेखालचं साहित्य संस्कृती मंडळ, ही सगळी त्याच काळातली कामं.

याच काळात त्यांनी एक शब्द रूढ केला, बेरजेचं राजकारण. कालचे विरोधक, शेतकरी कामगार पक्षातले, समितीतले, यांना ते एकेक करून काँग्रेसमध्ये आणत गेले. त्यामागे बहुजन समाजाची ताकद एकत्र यावी हा हेतू होता, हे खरं. पण त्यातून विरोधी पक्ष पोखरले गेले आणि सत्ता असेल तिकडे जायची वाट रुळली, हेही तितकंच खरं. पुढे जे काही झालं त्यातलं थोडं बी इथेही पेरलं गेलं होतं.

सह्याद्री दिल्लीला

1962 च्या चीन युद्धात देश हादरला. कृष्ण मेनन यांना जावं लागलं आणि नेहरूंनी यशवंतरावांना संरक्षणमंत्री म्हणून बोलावून घेतलं. सह्याद्री हिमालयाच्या मदतीला धावला, असं मराठी माणूस तेव्हापासून अभिमानानं म्हणत आला आहे. 1963 मध्ये ते नाशिकमधून लोकसभेवर बिनविरोध गेले. खचलेलं सैन्य पुन्हा उभं करणं, सेनाधिकाऱ्यांचा विश्वास कमावणं हे काम त्यांनी गाजावाजा न करता केलं. 1 सप्टेंबर 1965 ला छांब भागात पाकिस्तानी रणगाडे घुसले, तेव्हा हवाई दल वापरायची परवानगी त्यांनी ताबडतोब दिली. पुढच्या आयुष्यात ज्यांना निर्णय लांबवणारा नेता म्हणून हिणवलं गेलं, त्याच माणसाचा हा निर्णय होता.

नोव्हेंबर 1966 मध्ये ते गृहमंत्री झाले. आणि इथून आपली खरी गोष्ट सुरू होते.

गृहमंत्र्यांपुढचा प्रश्न

1967 ची निवडणूक म्हणजे भारतीय राजकारणातला भूकंप. अनेक राज्यांत काँग्रेसचं बहुमत गेलं. कुणाकडेच पुरेसे आमदार नाहीत म्हटल्यावर प्रत्येक आमदाराला भाव आला. हरियाणातल्या गयालाल नावाच्या आमदारानं पंधरवड्यात तीनदा पक्ष बदलला आणि आयाराम-गयाराम हा शब्द देशाला मिळाला. हा शब्द दिल्लीत रुजवण्याचं श्रेय अनेकदा यशवंतरावांनाच दिलं जातं.

लोकसभेनं ठराव केला आणि पक्षांतराच्या प्रश्नावर एक समिती नेमली गेली. अध्यक्ष गृहमंत्री यशवंतराव चव्हाण. जयप्रकाश नारायण, हृदयनाथ कुंझरू यांच्यासारखी माणसं सदस्य. 1969 च्या सुरुवातीला अहवाल आला. त्यातले आकडे आजही डोळे उघडणारे आहेत. मार्च 1967 ते फेब्रुवारी 1968 या एका वर्षात देशात 438 पक्षांतरं झाली होती. पक्ष बदललेल्या 210 आमदारांपैकी 116 जण थेट मंत्री झाले होते. म्हणजे निम्म्याहून जास्त. आमदार कशासाठी उडी मारतात, याचं उत्तर या दोन आकड्यांत आलं.

समितीनं उपायही सुचवले. जो पक्ष बदलेल त्याला एक वर्षभर, किंवा राजीनामा देऊन पुन्हा निवडून येईपर्यंत, मंत्रिपद देऊ नये. मंत्रिमंडळाच्या आकाराला मर्यादा घालावी, म्हणजे वाटायला खुर्च्याच कमी राहतील. आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे समितीनं पक्षांतराची व्याख्या केली. एखाद्या पक्षाच्या चिन्हावर निवडून आलेला माणूस आपणहून त्या पक्षाशी नातं तोडतो, तो पक्षांतर करणारा. पण प्रामाणिक मतभेद आणि आमिषाला बळी पडणं यात फरक करायला हवा, याचंही भान समितीला होतं. हा फरक कागदावर मांडणं सोपं असतं. प्रत्यक्षात किती अवघड असतं, हे अध्यक्षांना त्याच वर्षी कळणार होतं.

बंगळुरूचं मत

मे 1969 मध्ये राष्ट्रपती झाकीर हुसेन यांचं निधन झालं. नवा उमेदवार ठरवायला जुलैमध्ये बंगळुरूला काँग्रेसचे बडे नेते जमले. इंदिरा गांधींना जगजीवन राम हवे होते. जुन्या नेत्यांचा गट, म्हणजे सिंडिकेट, नीलम संजीव रेड्डींच्या मागे होता. यशवंतरावांनी रेड्डींच्या बाजूनं मत दिलं. पंतप्रधान आपल्याच पक्षाच्या बैठकीत हरल्या.

पुढचं तुम्ही इतिहासात वाचलं असेल. मोरारजींचं अर्थखातं काढून घेतलं गेलं, 14 बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं, इंदिराजींनी खासदार-आमदारांना आपापल्या विवेकाला स्मरून मत द्यायला सांगितलं आणि अपक्ष व्ही. व्ही. गिरी निवडून आले. काँग्रेस फुटायच्या बेतात आली. यशवंतरावांनी दोन्ही बाजू जोडून ठेवायची खटपट केली. ते जमलं नाही. नोव्हेंबरमध्ये पक्ष दुभंगला, तेव्हा ते इंदिराजींच्या बाजूला उभे राहिले.

जुलैमध्ये एकीकडे, नोव्हेंबरमध्ये दुसरीकडे. टीकाकारांनी त्यांना कुंपणावरचे नेते ठरवून टाकलं. आपल्या भाषेत सांगायचं तर तळ्यात-मळ्यात. त्यांची बाजू घेणारे म्हणतात की त्यांना धोरण इंदिराजींचं पटत होतं, पण पक्षाची शिस्तही मोडायची नव्हती. दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे. पण राजकारणात विश्वासाची काच एकदा तडकली की सांधत नाही. 1970 च्या जूनमध्ये गृहखातं इंदिराजींनी स्वतःकडे घेतलं आणि यशवंतरावांना अर्थखातं दिलं. 1974 मध्ये परराष्ट्र खातं आलं. खाती मोठीच होती, पण पंतप्रधानपदाच्या चर्चेत असलेला नेता आता सांभाळून बोलू लागला होता.

1975 मध्ये आणीबाणी आली. पक्षांतर समितीतले त्यांचे सहकारी जयप्रकाश तुरुंगात गेले. सातारच्या रानात इंग्रजांपासून लपलेला हा माणूस मात्र मंत्रिमंडळात बसून राहिला. त्यांनी राजीनामा दिला नाही, जाहीर विरोध केला नाही. त्यांच्या आयुष्यातलं हे पान कुणी कितीही प्रेमानं वाचलं तरी उजळत नाही.

खरी काँग्रेस कोणती?

1977 मध्ये काँग्रेस हरली, इंदिराजी स्वतः हरल्या. यशवंतराव साताऱ्यातून निवडून आले आणि लोकसभेत विरोधी पक्षनेते झाले. आयुष्यात पहिल्यांदाच ते सत्तेच्या समोरच्या बाकावर बसले होते.

जानेवारी 1978 मध्ये काँग्रेस पुन्हा फुटली. इंदिराजींनी आपला वेगळा पक्ष केला. यशवंतराव ब्रह्मानंद रेड्डी यांच्यासोबत उरलेल्या काँग्रेसमध्ये थांबले. आता विचार करा, पक्षांतर कुणी केलं? जागेवरून हलल्या त्या इंदिराजी. पण लोक ज्या दिशेनं गेले ती दिशाही त्यांचीच. पक्ष म्हणजे कार्यालय, नोंद आणि पदाधिकारी, की पक्ष म्हणजे ज्याच्या मागे मतदार आहेत तो? हा प्रश्न आजही कोर्टात आणि निवडणूक आयोगापुढे पुन्हा पुन्हा येतो, आणि आपण महाराष्ट्रातले लोक तर तो अगदी अलीकडे दोनदा पाहून बसलो आहोत.

महाराष्ट्रात त्याच वर्षी दोन्ही काँग्रेसनी मिळून वसंतदादा पाटील यांचं सरकार आणलं. ते काही महिनेच टिकलं. जुलै 1978 मध्ये यशवंतरावांचे मानसपुत्र म्हणून ओळखले जाणारे शरद पवार बाहेर पडले आणि पुलोदचे मुख्यमंत्री झाले. त्यामागे गुरूंचा हात होता की नाही, यावर आजही पारावर आणि पुस्तकांत वाद होतात. पक्षांतर समितीच्या माजी अध्यक्षांच्या घरातच हा प्रश्न येऊन बसला होता, एवढं मात्र नक्की.

संधी आली आणि गेली

जुलै 1979. जनता पक्षाचं सरकार आतून पोखरलं होतं. विरोधी पक्षनेते यशवंतरावांनी मोरारजी सरकारवर अविश्वासाचा ठराव आणला. ज्यांचे संसदीय सचिव म्हणून कारकीर्द सुरू झाली, त्याच मोरारजींवर. मतदानाआधीच पक्ष गळू लागला आणि मोरारजींनी राजीनामा दिला.

राष्ट्रपतींनी सरकार बनवण्यासाठी आधी यशवंतरावांनाच विचारलं. राष्ट्रपती कोण होते? नीलम संजीव रेड्डी. बंगळुरूला ज्यांच्यासाठी यशवंतरावांनी मत दिलं होतं, तेच. दिल्लीच्या सर्वांत मोठ्या खुर्चीच्या इतक्या जवळ तोवर कुणी मराठी नेता पोहोचला नव्हता. पण आकडे जुळले नाहीत. काही दिवसांतच त्यांनी राष्ट्रपतींना तसं कळवून टाकलं.

मग चरणसिंग पंतप्रधान झाले आणि यशवंतराव उपपंतप्रधान व गृहमंत्री. चरणसिंग म्हणजे 1967 मध्ये उत्तर प्रदेशात काँग्रेस सोडून मुख्यमंत्री झालेले नेते. म्हणजे ज्या लाटेचा अभ्यास यशवंतरावांच्या समितीनं केला, त्या लाटेतल्या सर्वांत मोठ्या नावाच्या हाताखाली ते आता मंत्री होते. तेही पक्षांतरातून जन्मलेल्या सरकारात. इंदिराजींनी पाठिंबा काढला आणि ऑगस्टमध्ये लोकसभेला तोंड न देताच सरकारनं राजीनामा दिला. नंतर उरलं ते काळजीवाहू सरकार.

जानेवारी 1980 मध्ये इंदिराजी 353 जागा घेऊन परतल्या. महाराष्ट्रातल्या 48 पैकी 39 जागा त्यांच्या. देवराज अर्स यांच्या काँग्रेसचा महाराष्ट्रातून एकच खासदार आला, साताऱ्याचे यशवंतराव चव्हाण. सगळा महाराष्ट्र एकीकडे गेला, तरी साताऱ्यानं आपल्या माणसाला सोडलं नाही.

दारात

आणि या माणसानं पुढे काय केलं? 1981 मध्ये ते इंदिरा काँग्रेसमध्ये परत गेले.

ते सोपं झालं नाही. त्यांनी यायची तयारी दाखवल्यावर दार लगेच उघडलं नाही. चार मोठी खाती सांभाळलेल्या, उपपंतप्रधान राहिलेल्या नेत्याला बराच काळ ताटकळत ठेवण्यात आलं. महाराष्ट्रात अनेकांना तो आपला अपमान वाटला. जवळच्या माणसांनी नको म्हटलं होतं. शरद पवार तर गेलेच नाहीत, ते आणखी पाच वर्षं बाहेर राहिले. म्हणजे गुरू परतला आणि शिष्य बाहेर, असं चित्र.

मग ते का गेले? मंत्रिपद त्यांना मिळालं नाही. 1982 मध्ये आठव्या वित्त आयोगाचं अध्यक्षपद मिळालं. केंद्राच्या करातला किती वाटा राज्यांना द्यायचा, हे ठरवणारं महत्त्वाचं पण प्रकाशझोतापासून लांबचं काम. त्यांच्याच समितीची फूटपट्टी लावली तर त्यांनी खुर्चीसाठी उडी मारली असं म्हणता येत नाही. त्यांचं म्हणणं साधारण असं होतं की बहुजनांच्या भल्याचं काम मूळ प्रवाहात राहूनच होतं आणि तो प्रवाह आता इंदिराजींच्या मागे आहे. 1948 मध्ये केलेलंच हे गणित. फक्त तेव्हा ते 35 वर्षांचे होते आणि पुढे सगळं आयुष्य होतं.

पण फूटपट्टीची दुसरी बाजूही पाहायला हवी. साताऱ्याच्या लोकांनी त्यांना इंदिराजींच्या विरोधात, एका वेगळ्या चिन्हावर निवडून दिलं होतं. लाट अंगावर घेऊन निवडून दिलं होतं. त्या मतदारांना पुन्हा न विचारता ते पलीकडे गेले. आजचा कायदा तेव्हा असता, तर त्यांची खासदारकी धोक्यात आली असती. आमिष नव्हतं म्हणून मतदाराचं काही देणं लागत नाही, असं होत नाही. हे समितीच्या अध्यक्षांना आपल्यापेक्षा चांगलं माहीत असणार.

कृष्णाकाठ

1 जून 1983 ला वेणूताई गेल्या. मूलबाळ नव्हतं. दिल्लीच्या बंगल्यात यशवंतराव एकटे उरले. 'कृष्णाकाठ' हा त्यांच्या आत्मचरित्राचा पहिला खंड 1984 मध्ये आला. तो 1946 पाशी थांबतो. देवराष्ट्रे, आई, कराड, तुरुंग, भूमिगत दिवस, सगळं त्यात आहे. पुढचे खंड त्यांनी मनात योजले होते, ते लिहून झाले नाहीत. म्हणजे बंगळुरू, आणीबाणी, 1979 आणि परतीचा निर्णय, यांतलं त्यांचं मन त्यांच्या शब्दांत आपल्याला कधीच वाचायला मिळणार नाही. ज्या प्रश्नांची उत्तरं आपल्याला हवी आहेत, नेमकी तीच पानं कोरी राहिली.

31 ऑक्टोबर 1984 ला इंदिरा गांधींची हत्या झाली. महिना उलटायच्या आत, 25 नोव्हेंबरला, यशवंतराव दिल्लीत गेले. कृष्णा आणि कोयना जिथे समोरासमोर येऊन मिळतात त्या कराडच्या प्रीतिसंगमावर त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले. आजही 12 मार्चला आणि 25 नोव्हेंबरला सगळ्या पक्षांचे नेते तिथे फुलं वाहायला येतात. त्यातल्या कितीजणांनी किती पक्ष बदलले, हे मोजायला एक दुपार पुरणार नाही.

त्यांच्या जाण्यानंतर दोन महिन्यांनी, जानेवारी 1985 च्या अखेरीस, संसदेनं 52 वी घटनादुरुस्ती मंजूर केली. पक्षांतरबंदी कायदा आला. त्यातही एक तृतीयांश आमदार फुटले तर ती फूट चालेल अशी पळवाट होतीच. ती 2003 च्या 91 व्या दुरुस्तीनं बंद झाली आणि त्याच दुरुस्तीनं आणखी दोन गोष्टी केल्या. अपात्र ठरलेल्याला पुन्हा निवडून येईपर्यंत मंत्रिपद नाही, आणि मंत्रिमंडळाच्या आकाराला 15 टक्क्यांची मर्यादा. 1969 च्या अहवालात चव्हाण समितीनं जवळपास हेच सांगितलं होतं. कायद्याला तिथवर पोहोचायला 34 वर्षं लागली.

आणि तरीही पक्षांतरं थांबली नाहीत. कारण कायदा खुर्ची मोजू शकतो, मन मोजू शकत नाही. पुढच्या वेळी एखादा नेता पक्ष बदलताना दिसला की मीम जरूर करा. पण सोबत दोन गोष्टी विचारा. त्याला जाताना काय मिळालं? आणि ज्यांच्या मतांवर तो निवडून आला, त्यांना त्यानं विचारलं का? यशवंतराव पहिल्या प्रश्नात पास होतात. दुसऱ्यात नाही.

प्रवास एका नजरेत

1913: देवराष्ट्रे इथे जन्म
1932: झेंडा फडकवल्याबद्दल 18 महिन्यांची शिक्षा
1946: मुंबई विधिमंडळात प्रवेश
1956: द्विभाषिक मुंबई राज्याचे मुख्यमंत्री
1960: महाराष्ट्राचे पहिले मुख्यमंत्री
1962: संरक्षणमंत्री
1966: गृहमंत्री
1969: पक्षांतर समितीचा अहवाल, काँग्रेसच्या फुटीत इंदिराजींसोबत
1970: अर्थमंत्री
1974: परराष्ट्रमंत्री
1977: लोकसभेत विरोधी पक्षनेते
1978: काँग्रेसच्या दुसऱ्या फुटीत इंदिराजींच्या विरोधात
1979: उपपंतप्रधान व गृहमंत्री
1981: इंदिरा काँग्रेसमध्ये परत
1982: आठव्या वित्त आयोगाचे अध्यक्ष
1984: दिल्लीत निधन